ठिपका फुटतो

तीन खोकी आली. जुना टॉवेल अंथरून
शस्त्रागाराच्या टेबलावर मी ती उघडली.
सांगली, मार्च, दुपारी तीन.
बोलत होतं ते फक्त पंख्याचं बेअरिंग.

पहिली उघड्या काचेची, वजनाला पेढ्याएवढी.
पण आमचं काम बंदोबस्ताचं;
हळदीच्या वखारींपुढं एक रात्र उभं राहिलं
तरी भुकटी तिच्या दिव्यावर जाऊन बसायची.
नको.
दुसरी चांगली, पण तिला बटणासारखा चपटा सेल लागतो.
जतला रात्री दोन वाजता तो कुठून आणू?
तिसरी बुटकी, नळीसारखी, दोन्हीकडून बंद,
पेन्सिल सेलवर चालणारी.
तो काय, टीव्हीच्या रिमोटमधला काढूनही घालता येतो.
हीच, म्हणालो.

बसवताना घाई नाही केली.
कार्बाईनच्या रेलच्या खाचा ब्रशनं झाडल्या,
स्क्रूचं तेल स्पिरिटनं पुसलं.
तेलकट स्क्रू गोड बोलतो आणि दहाव्या गोळीला निसटतो.
माउंट खाचेत ठेवून बॅरलच्या तोंडाकडं रेटलं,
धक्का बसला की त्याला सरकायला जागाच नको.
निळ्या औषधाचा थेंब. एकच.
मग टॉर्कचा पाना: टक्.
टक् झाल्यावरही अर्धा आटा पिळणारे
एकोणतीस वर्षांत पुष्कळ पाहिले;
त्यांनी तोडलेले स्क्रू एका डबीत ठेवलेत,
नव्या पोरांना दाखवायला.
शेवटी स्क्रूवरून माउंटपर्यंत एक रेघ,
धाकटीच्या नेलपॉलिशची, शेंदरी.
रेघ जुळेनाशी झाली की समजायचं, काहीतरी हललंय.

बटण दाबलं. डोळा लावला.
ठिपका नव्हता.
ओल्या शिक्क्याला अंगठा लागावा तसं काहीतरी लाल,
त्याला खाली डावीकडं शेपूट.
दुसरीत पाहिलं, तीच गत. पहिलीतही.
रजिस्टरात लिहिलं: तिन्ही नमुने सदोष, परत पाठवावेत.
सही. तारीख.

तस्लीम पिंजारी ड्युटी संपवून
हत्यार जमा करायला आली होती.
बघू, म्हणाली, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं.
हे मी शिकवलेलं नाही.
आम्ही डावा मिटायला शिकलो, तेच शिकवलं.
"गोल आहे की, बाबरकाका. मोहरीएवढा."
मोहरी लाल असते का, मी म्हणालो.
ती हसली नाही. तिचा भाऊ मिरजेत चष्म्याच्या दुकानात.
तिनं टेबलावरची दुसरी उचलून माझ्या डोळ्यापुढं धरली
आणि हळूहळू फिरवली, नळाची चावी फिरवावी तशी.
"शेपूट फिरतंय?"
काच फिरत होती. शेपूट तिथंच,
खाली, डावीकडं.
"मग ते तुमचं आहे."

पंख्याचं बेअरिंग.
किती पोरांच्या शेऱ्यात मी लिहिलं, नजर कच्ची.
मणेराजुरीचा तो एक, उंच, अबोल,
द्राक्षाच्या बागेत परत गेला.

दुसऱ्या दिवशी दंडोबाच्या पायथ्याला, पंचवीस मीटर.
ती पालथी पडली, मी मागं उभा.
तीन गोळ्या: खाली, डावीकडं
(शेपटाच्याच बाजूला, पण हा योगायोग).
वर सहा टिचक्या, उजवीकडं चार.
पुढच्या तीन एका आठ आण्याच्या नाण्याखाली झाकल्या.

रजिस्टरातली ओळ एका रेघेनं खोडली,
व्हाइटनर आमच्यात चालत नाही.
खाली लिहिलं: नमुने ठीक.
तपासणाराचा डोळा तपासावा.
सही जरा वाकडी आली.

संध्याकाळी आयर्विन पुलावर दिवे लागले.
प्रत्येकाला शेपूट, खाली डावीकडं,
इतकी वर्षं वाटायचं दिवे असेच असतात.
मध्यावर स्कूटर थांबवून डावा मिटला,
मग उजवा,
मग दोन्ही उघडे ठेवून बघत राहिलो.
मागून एसटीनं हॉर्न दिला.